आमचे भाऊजी आणि चाळीस झडपा

माझे धाकटे दीर चौतीस वर्षे एका विमा कंपनीत दावे नामंजूर करत होते. हे मी टोचून म्हणत नाही. त्यांचे कामच ते होते. कुणाचे छप्पर वादळात उडाले तर ते मुळातच सैल होते, कुणाचा पाय मोडला तर तो पाय आधीपासूनच अधू होता, असे सिद्ध करत त्यांनी संसार केला, मुलीला शिकवले आणि निवृत्त होताना भिंतीवरचे एक घड्याळ मिळवले. ते दिवसाला सात मिनिटे मागे पडते. भाऊजींच्या मते त्यात घड्याळाचा दोष नाही, भिंतीचा आहे.

आम्ही एकाच घरात राहतो. खाली मी, वर ते आणि माझी जाऊ, मागचे अंगण सामाईक. माझे यजमान हयात असताना म्हणायचे, "याच्या हातून कप फुटला तर हा कपालाच विचारील, तू मुळात तिथे काय करत होतास?" यजमानांना जाऊन अकरा वर्षे झाली. भाऊजींच्या हातून तेव्हापासून बरेच कप फुटले आणि एकदाही त्यांची चूक नव्हती.

निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष त्यांनी माझ्या जावेला स्वयंपाक शिकवण्यात घालवले. दुसऱ्या वर्षी तिने हात जोडून सांगितले, "अहो, कुठंतरी जात जा. कुठंही." म्हणून ते जुने रेल्वे डबे जतन मंडळात गेले.

मंडळ म्हणजे पाच माणसे आणि एक डबा. स्टेशनच्या टोकाला पत्र्याची एक लांब शेड आहे. तिच्यात नव्वद वर्षांपूर्वीचा पहिल्या वर्गाचा लाकडी डबा कित्येक वर्षे धूळ खात उभा होता. रेल्वेच्या कचेरीने मंडळाला परवानगी दिली होती की डबा दुरुस्त करा, तपासणीत पास झाला तर दर रविवारी छोट्या फाट्यावरच्या, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटलेल्या रुळांवरच्या, गाडीला जोडू. पगार नाही, मानधन नाही, नुसती हौस. मंडळाने सर्वांत आधी निळे डगले शिवून घेतले, खिशावर इंजिनाचे चित्र असलेले. डगले आले तेव्हा शेडमध्ये हातोडी एकच होती आणि तिचा दांडा हलत होता.

अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांना सगळे "न्यायमूर्ती" म्हणत आणि ते त्यांना आवडे. एक दंतवैद्य, एक भूगोलाचे प्राध्यापक, एक रंगाचे दुकानदार. आमचे भाऊजी चिटणीस झाले, कारण पत्रे लिहायचा कंटाळा नसलेला माणूस तोच. दर रविवारी सकाळी हे पाचजण डब्यात जाऊन बसत आणि डब्याच्या इतिहासावर बोलत. बोलून बोलून डबा दुरुस्त झाला असता तर तो मागेच जगाला वळसा घालून आला असता.

खरे काम करणारा सहावा होता, तो मिस्त्री. चौऱ्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षे डब्यांच्या कारखान्यात सुतारकाम केलेला. तोही बिनपगारीच येई, सायकलवर हत्यारांची पेटी बांधून. पण मंडळाच्या सभासदांच्या यादीत त्याचे नाव नव्हते आणि त्याला डगलाही शिवला नव्हता. माप घ्यायचे राहून गेले, असे भाऊजी म्हणाले. पाच जणांची मापे घेताना सहावा तिथेच गुडघे टेकून जमिनीच्या फळ्या बसवत होता.

मिस्त्री तोंडाचा तिखट होता. एकदा भाऊजी पंधरा मिनिटे एका स्क्रूशी झटापट करत असताना तो म्हणाला, "साहेब, छान जमतंय. फक्त तो बसवायचाय. तुम्ही काढताय." भाऊजींनी घरी येऊन सांगितले की स्क्रूचे आटे चुकीचे पाडले होते.

आता झडपांची गोष्ट. डब्याला दोन्ही बाजूंना वीस-वीस खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीला आडव्या पट्ट्यांची सागवानी झडप. ती खाचेतून वर सरकवायची आणि खाली पाडायची. जुन्या सुतारांनी प्रत्येक झडप तिच्या तिच्या खिडकीत बेतून बसवलेली होती. दुसऱ्या खिडकीत ती जात नाही. गेली तर अडकते किंवा दणकन खाली येते.

एप्रिलमध्ये मिस्त्रीची मुलगी बाळंत व्हायची होती. तो आणि त्याची बायको पाच आठवडे तिच्याकडे राहायला निघाले. जाताना त्याने चाळीसही झडपा उतरवून भिंतीशी लावल्या आणि सांगितले, "मी येईस्तोवर यांचा रंग काढून ठेवा. नुसता रंग. लाकडाला हात लावू नका." न्यायमूर्तींनी समान वाटणी केली, प्रत्येकी आठ, आणि झडपा घरोघरी गेल्या.

भाऊजींच्या आठ आमच्या अंगणात आल्या. सतरा तारखेला दुपारी पावणेचारला मी वाळवलेले कपडे काढायला गेले तेव्हा ते पॉलिशपेपरने एका झडपेची खालची कड घासत होते. चेहऱ्यावर भुकटी, डगला अंगात. रंग केव्हाच निघाला होता. आता लाकूड पिठासारखे पडत होते. शेजारच्या झडपेच्या कडेला मला कोरलेल्या रेघा दिसल्या. तीन उभ्या, एक तिरकी.

"भाऊजी, या रेघा कसल्या?"

"ओरखडे आहेत, वहिनी. पूर्वीचे प्रवासी फार बेशिस्त."

"सगळ्यांवर आहेत. आणि सारख्या अंतरावर."

"बेशिस्तीतही एक पद्धत असते," ते म्हणाले आणि घासू लागले.

मला सुतारकामातले काही कळत नाही. पण लहानपणी आमच्या मिशनरी शाळेच्या वसतिगृहात धोब्याकडे जाणाऱ्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा आकडा असे आणि तो कुणी उसवला तर सिस्टर त्या मुलीला दुपारभर उभी करत. तेव्हा मी तिथेच बोलायला हवे होते. बोलले नाही. कपडे घेऊन आत आले.

मिस्त्री परतला तो गुरुवारी. शनिवारी तपासनीस यायचा होता. माझी जाऊ गुरुवारी थर्मासमधून चहा घेऊन शेडवर गेली होती, तिने पाहिलेले सांगते. मिस्त्रीने पहिली झडप उचलली, उलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. दुसरी उचलली. तिसरी. मग वळून विचारले, "खुणा कुठं गेल्या?"

पाचही जण झडपांकडे पाहू लागले.

"प्रत्येकीला पटाशीची खूण होती. कुठली झडप कुठल्या खिडकीची, ते त्यावरून कळतं. कुठं गेल्या?"

न्यायमूर्ती म्हणाले, "कसल्या खुणा, मिस्त्री? मी तर पाहिल्या नाहीत." दंतवैद्याने मान हलवली, त्याच्याही पाहण्यात नव्हत्या. प्राध्यापक म्हणाले, अशा खुणा इतर देशांतल्या डब्यांना असतात, या बनावटीच्या डब्याला नसाव्यात. रंगवाले खाली पाहत "नव्हत्या बुवा," म्हणाले. आणि आमचे भाऊजी, ज्यांच्या नखांत अजून सागवानाची भुकटी होती, ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला दुसरा कुठला तरी डबा आठवत असेल. इतकी वर्षं, इतके डबे. होतं असं."

जाऊ म्हणाली, मिस्त्री भांडला नाही. त्याने पाचही तोंडे एकेक करून पाहिली. मग हळूच म्हणाला, "असेल." आणि झडपा जमतील तशा बसवायला लागला.

दीड दिवसात चाळीस झडपा अंदाजाने कशा बसणार? शनिवारी सकाळी साडेदहाला तपासनिसाने पाचव्या खिडकीची झडप वर सरकवली, हात तिथेच ठेवून काही विचारले, आणि ती त्याच्या तीन बोटांवर कोसळली. उपस्थितांत वैद्य एकच होता, दातांचा. त्याने बोटे पाहिली आणि नेमके काय म्हणावे हे न सुचून चूळ भरायला सांगितले. तपासनिसाने शेरा लिहिला, "खिडक्या धोकादायक," आणि तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात जमले नाही तर शेड रिकामी करायची.

रविवारी मंडळाने मिस्त्रीला पत्र पाठवले. मजकूर अर्थातच भाऊजींचा. अशा पत्रांवर त्यांचा हात चौतीस वर्षे बसलेला. आपल्या सेवेबद्दल ऋणी आहोत, वयोमानानुसार स्मरणशक्तीवर ताण येणे स्वाभाविक आहे, आपण आता विश्रांती घ्यावी. पत्र त्यांनी मला वाचून दाखवले. "भाषा सौम्य आहे ना?" विचारले. मी म्हटले, "भाषा लोण्यासारखी आहे. सुरी आत आहे." त्यांना ती स्तुती वाटली.

यानंतर साधारण तीन आठवड्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात मला मिस्त्रीची बायको भेटली. आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो, दोघींच्या डोळ्यांत थेंब घातलेले.

"यांचं काही खरं नाही हो, बाई," ती म्हणाली. "डोकं जायला लागलंय त्यांचं. त्या डब्याच्या झडपांवर खुणा होत्या म्हणत होते. पाच शिकलेली माणसं म्हणतात नव्हत्या. आता खोटं का बोलतील ती?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. नसलेलं दिसायचं. शेवटी स्वतःच्या घराचं दार ओळखेना. आता हे रोज सकाळी उठले की माझ्यासमोर बसून पाढे म्हणतात, नातवंडांची नावं म्हणतात, जिन्याच्या पायऱ्या मोजतात. एखादं चुकलं की दिवसभर तोंड उघडत नाहीत. हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवलीत. म्हणतात, हातात पटाशी असताना डोकं गेलं तर कुणाला तरी लागेल."

डोळ्यांत थेंब घातल्यावर अर्धा तास धूसर दिसते. मला सगळे फार स्वच्छ दिसत होते.

घरी आल्यावर मी तशीच वर गेले. भाऊजी शब्दकोडे सोडवत होते.

"भाऊजी, खुणा होत्या. तुम्ही घासल्यात. मी पाहिलंय."

"वहिनी, 'खुणा' हा शब्द मी वापरणार नाही. काही रेषा होत्या."

"होत्या ना?"

"माझ्या आठांवर होत्या. उरलेल्या बत्तिसांबद्दल मी कसं बोलणार? चौघंही म्हणाले की नव्हत्या. म्हणजे फक्त माझ्या आठांवरच होत्या. आता मी कबूल केलं तर सगळं खापर माझ्यावर. चिटणीसपद जाईल, वहिनी."

तेव्हा मला कळले की हा माणूस खरोखर घाबरलेला आहे. पण कशाला, तर चिटणीसाचा रबरी शिक्का जाईल म्हणून!

माझी जाऊ आतून लाटणे हातात घेऊनच आली. "अहो, तिकडं तो माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेऊन पाढे म्हणत बसलाय, आणि तुम्हाला पद सुचतंय? तुम्ही नाही तिथं सुद्धा चूक शोधायचात लोकांची. इथं तर हातात धरून घासलीत!"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी सांगून टाकले, "रविवारच्या सभेत तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. आणि मी तारीख-वार-वेळेनिशी सांगते, तुम्हाला ठाऊक आहे."

त्या रविवारी मी आणि जाऊ चहाचे निमित्त करून शेडवर गेलो. सभा डब्यातच भरली होती. पाच निळे डगले समोरासमोरच्या बाकांवर. प्राध्यापकांची बायकोही होती, विणकाम घेऊन. भाऊजी उभे राहिले, घसा खाकरला, पाणी प्याले, पुन्हा खाकरला.

"झडपांच्या संदर्भात एक बाब नजरेस आणायची आहे. माझ्याकडे आलेल्या आठ झडपांवर काही रेषा असाव्यात, असा एक... म्हणजे होत्या. त्या स्वच्छतेच्या भरात माझ्याकडून घासल्या."

मी चौघांच्या तोंडांकडे पाहत होते. संतापाची वाट पाहत होते. एकाच्याही तोंडावर संताप नव्हता. दंतवैद्य छताकडे पाहत होता. रंगवाले कपाळ पुसत होते.

प्राध्यापकांच्या बायकोने सुया खाली ठेवल्या. "मग आमच्या ह्यांनी काय केलं? मशीन लावलं मशीन! माझ्या बिछान्यावर दोन बोटं भुकटी होती. मी विचारलं, या रेघा काढायच्या का, तर म्हणे लाकूड कसं काचेसारखं गुळगुळीत हवं."

"अगं," प्राध्यापक म्हणाले.

"अगं काय? रात्रभर तळमळता आणि मला सांगता की अपचन आहे."

मग रंगवाले म्हणाले, "खरं सांगू? मीही." दंतवैद्याने तर प्रत्येक रेघ दात भरायच्या मसाल्याने भरून वर दवाखान्यातल्या यंत्राने घासली होती, आणि इतकी सुबक की मिस्त्रीलासुद्धा सापडली नव्हती, हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान लपेना. राहिले न्यायमूर्ती. त्यांच्या झडपा त्यांच्या ड्रायव्हरने घासल्या होत्या. "म्हणजे प्रत्यक्ष माझा हात लागलेला नाही," ते म्हणाले.

चाळीस झडपा, पाच घरे. प्रत्येकाने खुणा घासल्या, प्रत्येकाला वाटले की हे पाप आपण एकट्यानेच केले, आणि प्रत्येकाने त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगितले की खुणा नव्हत्याच. एका जरी माणसाने खरे सांगितले असते तर उरलेले चौघे सुटकेचा श्वास टाकून बोलले असते. पण ते शिकलेले होते ना.

आणि मग काय झाले? त्यांना हसू फुटले! एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. न्यायमूर्तींनी हात वर करून निवाडा दिला, "सर्वांनीच केलं आहे, म्हणजे कोणा एकाचा दोष राहत नाही. विषय संपला. इतिवृत्तात घेऊ नये."

"आणि मिस्त्री?" मी विचारले.

"त्यांचा आपण सत्कार करू," न्यायमूर्ती म्हणाले. "पुढच्या वर्षी, डबा सुरू झाल्यावर. भाषणात ओघानं उल्लेख करता येईल."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. चहा मागितला. जावेने थर्मासचे झाकण घट्ट लावून तो पिशवीत ठेवला.

तेवढ्यात भाऊजी उठले. त्यांनी खिडकीतली एक झडप ओढून काढली, काखेत मारली आणि डब्यातून उतरले. का, ते मला आजही नीट समजलेले नाही. जाऊ म्हणते, त्यांना लाज वाटली. मी त्यांना पंचेचाळीस वर्षे ओळखते. माझा अंदाज असा की ज्याचे नुकसान झाले त्यालाच न कळवता फाइल बंद करणे हे त्यांच्या कचेरीच्या नियमांतसुद्धा बसत नव्हते. ते नामंजूर करत, पण कळवत. मी मागोमाग गेले, कारण हा माणूस वाटेत बदलणार नाही याची मला खात्री नव्हती.

मिस्त्री सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. आत गेलो तर भिंतीवर चिठ्ठ्या डकवलेल्या. "गॅस बंद." "किल्ली खिळ्याला." "आज कोणता वार?" तो खुर्चीत बसला होता, हात मांडीवर ठेवून. त्या हातांना रिकामे राहायची सवय नव्हती.

भाऊजींनी सुरुवात केली, "मिस्त्री, सखोल चौकशीअंती असं निदर्शनास आलं आहे की, तत्कालीन परिस्थितीत..."

"भाऊजी, माणसासारखं बोला," मी म्हटले.

भाऊजींनी झडप जमिनीवर ठेवली. "खुणा होत्या, मिस्त्री. आम्ही घासल्या. मी आठ घासल्या. बाकीच्यांनी बाकीच्या."

मिस्त्रीने वाकून झडपेच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "कुठं होत्या?"

"खालच्या कडेला."

"कशा?"

"पटाशीच्या रेघा. एकीवर तीन उभ्या होत्या आणि एक तिरकी."

"तिरकी म्हणजे डाव्या अंगाची. डावीकडची तिसरी." तो उठला, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि आत ओरडला, "ऐकलंस का गं? होत्या! तीन उभ्या, एक तिरकी! होत्या!"

त्याची बायको ओल्या हातांनी बाहेर आली आणि उंबऱ्यातच बसली. रडली नाही. पदराने हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

मग मिस्त्री भाऊजींकडे वळला. पुढची पाच मिनिटे तो जे बोलला त्यातले निम्मे मी लिहू शकत नाही. लिहिण्याजोगे ते असे: "नव्वद वर्षांमागच्या सुताराला काय दुसरा उद्योग नव्हता, म्हणून चाळीस झडपांवर रेघोट्या मारत बसला? घासताना एकदा तरी मनात आलं का, हे कुणी का केलं असेल? आणि वर मला म्हणता, तुम्हाला दुसरा डबा आठवत असेल! अहो, मी महिनाभर झोपलो नाही. माझ्या नातवाचं नाव एक दिवस आठवलं नाही तर मी बायकोला सांगितलं, मला आता कुठंतरी नेऊन सोड."

भाऊजी उभे होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. दुसरे काही नोंदवण्याजोगे नाही.

मिस्त्री पुन्हा कामावर आला, पण त्याची अट होती. ज्याने ज्या आठ घासल्या त्याने त्या स्वतः उचलून खिडकीखिडकीपाशी न्यायच्या. तो फक्त पाहणार आणि "नाही" किंवा "हो" म्हणणार. ड्रायव्हर चालणार नाही. एकोणीस दिवस लागले. न्यायमूर्ती झडप छातीशी धरून चाळीस खिडक्या फिरत आणि मिस्त्री स्टुलावर बसून म्हणे, "नाही. पुढं." जाऊ रोज तेवढ्यासाठी चहा घेऊन जाई. जमलेल्या झडपेवर तो पटाशीने नवी खूण कोरी आणि ती घासणाऱ्याच्या नाकासमोर धरी. "हे काय आहे?" "खूण." "घासायची?" "नाही." दंतवैद्याला त्याने दोनदा म्हणायला लावले.

दुसऱ्या तपासणीला तपासनीस बोटांऐवजी पेन्सिल घेऊन आला. पेन्सिल शाबूत राहिली. डबा पास झाला.

आता तो दर रविवारी फाट्यावर धावतो. भाऊजी डगला घालून प्रवाशांना माहिती देतात. मी एकदा बसले होते. ते सांगत होते, "प्रत्येक झडपेला सांकेतिक खुणा असतात. आमच्या मंडळाने अभ्यासपूर्वक त्यांचा छडा लावला."

डब्याच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्री एका बिजागरीला तेल देत होता. त्याने मान वर न करता आवाज दिला, "आणि आधीच्या कुणी घासल्या तेही सांगा, साहेब!"

प्रवासी वळून पाहू लागले. भाऊजींनी डगल्याचे वरचे बटण लावले.

"तो भाग," ते म्हणाले, "वेळेअभावी आपण गाळतो."